विश्लेषण : कोड चालतो, तरी परत का येतो? लिनक्स ड्रायव्हरच्या तपासणीत 'वळणा'वरून एवढे वाद कशासाठी?

एखादा कोड संगणकावर नीट चालतो, चाचण्या पार करतो आणि तरीही 'वाचायला अवघड आहे' एवढ्या कारणावरून नाकारला जातो. लिनक्स कर्नलच्या जगात हे नित्याचे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये 'रिस्क-फाइव्ह' प्रोसेसरसाठीच्या बदलांचा अख्खा गठ्ठा लिनस टोरवाल्ड्स यांनी परत पाठवला, तेव्हा हा वाद कर्नलच्या वर्तुळाबाहेरही पोहोचला. मोबाइलपासून महासंगणकापर्यंत सगळीकडे असलेल्या या प्रणालीत कोड 'कसा दिसतो' यावर इतका काथ्याकूट का होतो?

ऑगस्टमध्ये नेमके काय घडले?

कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते. त्यातले पहिले दोन आठवडे नवे बदल स्वीकारण्याचे, बाकीचे दुरुस्तीचे. ६.१७ या आवृत्तीसाठीची ही दोन आठवड्यांची खिडकी १० ऑगस्टला बंद होणार होती. आपण प्रवासात असणार, त्यामुळे बदल लवकर पाठवा, असे टोरवाल्ड्स यांनी आधीच बजावले होते. रिस्क-फाइव्हचा गठ्ठा मात्र खिडकी बंद होण्याच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी आला. उशीर हे एक कारण झाले. दुसरे कारण होते एक छोटासा मदतनीस, म्हणजे 'हेल्पर'. त्याचे नाव 'मेक यू-३२ फ्रॉम टू यू-१६'. १६ बिटांच्या दोन संख्या जोडून ३२ बिटांची एक संख्या बनवणे, एवढेच त्याचे काम. टोरवाल्ड्स यांनी त्याला सरळ 'कचरा' म्हटले. असा मदतनीस सगळ्या कर्नलसाठी असलेल्या सामाईक हेडर फाइलमध्ये घातल्याचा त्यांना विशेष राग होता.

हा राग वरवर अवाजवी वाटतो. आक्षेप मात्र नेमका होता. दोन संख्या जोडायच्या, तर डावीकडे कोणती आणि उजवीकडे कोणती? मदतनिसाच्या नावावरून ते कळत नाही. ४ आणि ७ या दोन अंकांपासून संख्या बनवा असे सांगितले, तर उत्तर ४७ की ७४? याउलट 'पहिली संख्या १६ घरे डावीकडे सरकवा आणि तिच्यात दुसरी मिळवा' हे गणित जागेवरच लिहिले, तर वाचणाऱ्याला वरचा भाग कोणता हे तिथेच दिसते. मदतनीस वापरला की दुसरी फाइल उघडून त्याची व्याख्या शोधावी लागते. म्हणजे सोपे करण्यासाठी आणलेल्या गोष्टीनेच वाचन अवघड केले, हा त्यांचा मुद्दा.

मराठी वाचकाला हा पेच नवा नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तेचाळीस'बरोबर 'चाळीस सात' असे वाचन सुचवले गेले, तेव्हा महाराष्ट्रात मोठे वादंग माजले होते. 'सत्तेचाळीस' म्हणताना सात आधी येतो, लिहिताना चार. सवय झालेल्याला काहीच अडत नाही, शिकणारा मात्र अडखळतो. कर्नलमधले बहुतेक वाद याच जातीचे असतात. लिहिणाऱ्याची सवय एका बाजूला, पहिल्यांदा वाचणाऱ्याची सोय दुसऱ्या बाजूला.

वाद ड्रायव्हरमध्येच जास्त का?

कर्नल म्हणजे यंत्र आणि अ‍ॅप यांच्यामधला कोड. मेमरी कोणाला किती, प्रोसेसरवर पाळी कोणाची, हे तो ठरवतो. ड्रायव्हर हा त्याचा एक भाग. वाय-फाय चिप, कॅमेरा, टचस्क्रीन, प्रिंटर अशा प्रत्येक उपकरणाशी त्याच्या भाषेत बोलणारा. २०२५ च्या सुरुवातीला कर्नलने चार कोटी ओळींचा टप्पा ओलांडला आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक ओळी ड्रायव्हरच्या आहेत.

या ओळी लिहिणारी माणसे वेगवेगळ्या कंपन्यांतली असतात. चिप बनवणारी कंपनी ड्रायव्हर लिहिते, दोन वर्षांनी नवी चिप आणते, जुन्या चिपचा चमू दुसऱ्या कामाला लागतो. ड्रायव्हर मात्र कर्नलमध्ये राहतो आणि त्याची देखभाल मेंटेनरच्या गळ्यात पडते. त्याच्याकडे ती चिप असतेच असे नाही. चिपची माहितीपुस्तिका बहुतेक वेळा गोपनीय असते. उपकरण हातात नाही, कागद नाही, मूळ लेखक नोकरी सोडून गेला. अशा वेळी बग शोधताना मेंटेनरकडे उरतो तो फक्त कोड. तो वाचता आला तरच दुरुस्त करता येतो. कर्नलमध्ये 'चालतो' ही किमान अट आहे, पुरेशी नाही, त्याचे मूळ इथे आहे.

नियमावली काय सांगते?

कर्नलची एक लिखित शैली-नियमावली आहे आणि ती कोडच्या सोबतच ठेवलेली असते. तिचा सूर सरकारी परिपत्रकाचा नाही. 'ग्नू' प्रकल्पाच्या शैलीनियमांची एक प्रत छापून घ्या आणि न वाचता जाळून टाका, असा सल्ला ती सुरुवातीलाच देते. नियम तसे थोडे आहेत. प्रत्येक पायरीला आठ अक्षरांचा टॅब. तीनपेक्षा जास्त पायऱ्या आत शिरावे लागत असेल तर कार्यक्रमाची मांडणीच चुकली आहे असे समजा. फंक्शन छोटे, एक-दोन पडद्यांत मावणारे. त्यातली स्थानिक चले पाच ते दहाच्या आत. नाव साधे, त्यात चलाचा प्रकार कोंबायचा नाही. आठ अक्षरांचा टॅब ही मुद्दाम घातलेली गैरसोय आहे. कोड फार खोल गेला की ओळ उजव्या कडेला जाऊन आपटते आणि लिहिणाऱ्याला फंक्शन तोडावे लागते.

याशिवाय कर्नलच्या प्रत्येक 'वाड्या'चे स्वतःचे कुळाचार आहेत. नेटवर्किंग विभागात फंक्शनच्या सुरुवातीची चले सर्वांत लांब ओळ आधी, सर्वांत छोटी शेवटी अशी उतरत्या क्रमाने लावायची. उलट्या नाताळवृक्षासारखा आकार दिसला पाहिजे. याच विभागात अनेक ओळींची टिप्पणी लिहिण्याची पद्धतही वर्षानुवर्षे वेगळी होती. २०१६ मध्ये टोरवाल्ड्स यांनी तिच्यावर जहाल शब्दांत टीका केली, त्यानंतरही ती बरीच वर्षे टिकली आणि मग काढून टाकण्यात आली. तिच्यामुळे एकही बग आला किंवा टळला असेल असे वाटत नाही.

सोसायटीच्या वार्षिक सभेत लिफ्ट बदलण्याचा लाखो रुपयांचा ठराव पाच मिनिटांत मंजूर होतो आणि जिन्याला कोणता रंग द्यायचा यावर दोन तास जातात. लिफ्टच्या मोटरबद्दल बोलायला ज्ञान लागते, रंगाबद्दल मत प्रत्येकाचे असते. ब्रिटिश लेखक नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५० च्या दशकात अणुभट्टी आणि सायकल-शेडचे उदाहरण देऊन हेच मांडले आणि प्रोग्रामरांनी तो शब्द उचलला. पॅच तपासणीतही हा धोका कायम असतो. टिप्पणीतल्या स्वल्पविरामावर चार प्रतिक्रिया येतात आणि इंटरप्ट बंद असताना झोपी जाणाऱ्या फंक्शनकडे कोणाचेच लक्ष जात नाही.

पण शैलीचा प्रत्येक वाद जिन्याच्या रंगाचा नसतो. काही वेळा ती लिफ्टची मोटरच असते.

शैलीमुळे खरोखर बग येतात का?

येतात, आणि त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण लिनक्सचे नाही, अ‍ॅपलचे आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये आयफोन आणि मॅकमध्ये सुरक्षित इंटरनेट जोडणी तपासणाऱ्या कोडमधली एक चूक उघडकीस आली. 'चूक आढळली तर शेवटी उडी मार' अशा अर्थाची एक ओळ दोनदा लिहिली गेली होती. पहिली ओळ अटीखाली होती. दुसरी दिसायला तशीच आत सरकवलेली, पण महिरपी कंस नसल्याने अटीच्या बाहेर. परिणामी ती दरवेळी चालायची आणि सहीची पडताळणी पूर्ण न होताच 'सगळे ठीक' असे उत्तर मिळायचे. डोळ्याला दिसणारी रचना एक आणि संगणकाला दिसणारी दुसरी.

त्यानंतर प्रत्येक अटीखाली महिरपी कंस सक्तीचा करावा, अशी मागणी अनेक ठिकाणी झाली. कर्नलने आपला नियम बदलला नाही. एकच ओळ असेल तर कंस नको, हे तिथे आजही कायम आहे. कारण कंसामुळे उभी जागा खाल्ली जाते आणि पडद्यावर कमी कोड दिसतो. बदल झाला तो कंपायलरमध्ये. २०१६ मध्ये आलेल्या जीसीसी ६ पासून फसवी मांडणी दिसली की कंपायलर स्वतःच इशारा देतो.

दुसरे उदाहरण कर्नलमधलेच आहे. सी भाषेत 'स्विच'च्या एका पर्यायाचे काम संपल्यावर 'ब्रेक' लिहायला विसरले, तर नियंत्रण गुपचूप पुढच्या पर्यायात घसरते. कधी ते मुद्दाम केलेले असते, कधी विसरलेले. वाचणाऱ्याला फरक कळत नाही. पूर्वी 'मुद्दाम घसरतो आहे' अशी टिप्पणी लिहिण्याची पद्धत होती. २०१९ पासून त्यासाठी 'फॉलथ्रू' हा खास शब्द आला आणि जिथे तो नाही तिथे कंपायलर ओरडू लागला. हजारो जागा हाताने तपासाव्या लागल्या. त्या साफसफाईत खरोखर विसरलेले 'ब्रेक' सापडले, तेही वर्षानुवर्षे चालू असलेल्या ड्रायव्हरमध्ये.

'गो टू' वाईट, मग कर्नलमध्ये तो सर्वत्र का?

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला सी शिकवताना 'गो टू वापरू नका' असे बजावले जाते. त्यामागे डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांचे १९६८ चे प्रसिद्ध टिपण आहे. कर्नलचे ड्रायव्हर उघडले की विद्यार्थी चक्रावतो, कारण तिथे पानोपानी 'गो टू' असतो. नियमावलीच तो वापरायला सांगते.

यासाठी ड्रायव्हरचे 'प्रोब' फंक्शन कसे चालते ते पाहावे लागेल. उपकरण जोडले गेले की हे फंक्शन एकेक गोष्ट मिळवत जाते. आधी मेमरी, मग घड्याळाचा स्पंद सुरू करणे, मग वीजपुरवठा, मग इंटरप्टची नोंदणी. यातले काहीही मध्येच फसू शकते. फसले तर आतापर्यंत घेतलेले सगळे परत करायचे, तेही उलट्या क्रमाने. लग्नाचा हॉल ठरवला, आचारी ठरवला, बँड ठरवला आणि मांडववाल्याने ऐनवेळी नकार दिला, तर आधी बँड रद्द, मग आचारी, मग हॉल, असेच ते असते. प्रत्येक टप्प्यावर रद्द करायची यादी वेगळी. प्रत्येक अटीखाली ती यादी पुन्हा पुन्हा लिहिली तर एखादी नोंद सुटतेच. म्हणून फंक्शनच्या तळाशी रद्द करण्याच्या पायऱ्या एकदाच, उलट्या क्रमाने लिहायच्या आणि जिथे फसले तिथून योग्य पायरीवर उडी मारायची. ही उडी म्हणजे 'गो टू'. इथे तो गुंता वाढवत नाही, कमी करतो.

तरीही चूक होतेच. चौथी गोष्ट फसल्यावर तिसऱ्याऐवजी दुसऱ्या पायरीवर उडी मारली की वीजपुरवठा चालूच राहतो. हा मार्ग क्वचित चालतो, त्यामुळे चाचणीत सापडत नाही. ड्रायव्हरच्या तपासणीत अनुभवी डोळे आधी या उड्यांकडेच पाहतात, ते यामुळे.

यावर पहिला उपाय आला तो 'डेव्ह-एम' नावाच्या फंक्शनांचा. घेतलेली प्रत्येक गोष्ट कर्नल त्या उपकरणाच्या नावावर टिपून ठेवतो आणि उपकरण निघाले की आपोआप परत करतो. प्रोब फंक्शन निम्म्यावर येते, वाचायला स्वच्छ दिसते. पण या स्वच्छतेला एक खाच आहे. यूएसबी कॅमेरा ओढून काढला, मात्र एखादे अ‍ॅप त्याची फाइल अजून धरून बसले आहे. 'डेव्ह-एम'ने मेमरी मोकळी केली आणि अ‍ॅपने पुढच्या क्षणी तिलाच हात घातला. मोकळ्या झालेल्या मेमरीचा असा वापर हा सुरक्षेच्या दृष्टीने सर्वांत वाईट बगांपैकी एक. म्हणजे वाचायला सोपा कोड इथे समजायला अवघड ठरला, कारण मेमरी नेमकी कधी मोकळी होते हे आता पानावर दिसतच नाही.

दुसरा उपाय २०२३ मध्ये पीटर झिल्स्ट्रा यांनी आणला. कंपायलरच्या एका सोयीचा वापर करून चल आपल्या कक्षेबाहेर गेले की मेमरी आपोआप मोकळी करायची किंवा कुलूप आपोआप उघडायचे. त्यातल्या 'गार्ड'ने कुलूप लावले की फंक्शनमधून कुठूनही बाहेर पडा, ते उघडले जाणारच. उड्या नाहीत, विसरणे नाही. अनेक विभागांनी ही पद्धत आनंदाने उचलली. नेटवर्किंगने मात्र हात आखडता घेतला. त्यांच्या लेखी मार्गदर्शनात अशा आपोआप-सफाईच्या आश्वासनांबद्दल उघड साशंकता आहे. २० ओळींपेक्षा मोठ्या फंक्शनमध्ये 'गार्ड' नको, त्यापेक्षा कक्षा स्पष्ट दाखवणारा प्रकार बरा, असे ते सांगते. कारण तेच. कुलूप कुठे लागले ते दिसते, कुठे उघडले ते दिसत नाही. लांबलचक फंक्शनमध्ये मधली कोणती ओळ कुलपाखाली आहे हे वाचणाऱ्याने डोक्यात ठेवायचे.

या वादात दोन्ही बाजूंना 'वाचनीयता'च हवी आहे. एकाला न दिसणारी गोष्ट म्हणजे सुटलेला गोंधळ वाटते, दुसऱ्याला लपवलेला धोका. आणि दोघांकडेही दाखवायला खरे बग आहेत. नेटवर्किंगची २० ओळींची मर्यादा त्यातल्या त्यात शहाणी वाटते, कारण ती साधनाला नाही, फंक्शनच्या लांबीला धरते.

८० अक्षरांचा वाद मिटला का?

अर्धा. ८० स्तंभांची परंपरा आयबीएमच्या १९२८ च्या छिद्रित कार्डापासून आली आणि पुढे टर्मिनलच्या पडद्यांनी ती जपली. कर्नलमध्ये 'चेकपॅच' ही पॅच तपासणारी स्क्रिप्ट आहे. ८० च्या पुढे ओळ गेली की ती इशारा द्यायची. मे २०२० मध्ये टोरवाल्ड्स यांनी भूमिका घेतली की आता कोणी छोट्या पडद्यावर काम करत नाही. जबरदस्तीने तोडलेल्या ओळी शोध घेताना अर्धवट सापडतात, तो त्रास मोठा. त्यानंतर स्क्रिप्टची मर्यादा १०० वर नेण्यात आली. नियमावलीत मात्र 'पसंतीची' मर्यादा ८० च आहे, वाचनीयता बरीच वाढत असेल तरच ती ओलांडा असे म्हणून. त्यामुळे एका विभागात ९५ अक्षरांची ओळ विनातक्रार जाते, नेटवर्किंगमध्ये तीच परत येते. नवख्याला हे आधी कळायला मार्ग नसतो.

एएमडीचा लाखभर ओळींचा ड्रायव्हर का अडला होता?

वळण म्हणजे केवळ टॅब आणि कंस नव्हेत, याचे सर्वांत मोठे उदाहरण २०१६ मधले आहे. एएमडीने आपल्या ग्राफिक्स कार्डांसाठी डिस्प्लेचा नवा कोड आणला. सुमारे लाखभर ओळी. हा कोड विंडोज आणि लिनक्स दोन्हींत चालावा म्हणून कंपनीने मध्ये स्वतःचा एक थर घातला होता. कंपनीच्या दृष्टीने हे व्यवहार्य होते, एकच कोड एकदाच तपासायचा. डिसेंबर २०१६ मध्ये ग्राफिक्स विभागाचे मेंटेनर डेव्ह एअरली यांनी तो घ्यायला ठाम नकार दिला.

त्यांचे म्हणणे असे की, हा थर घातला की कर्नलमधल्या सामाईक रचना माहीत असलेल्या माणसालाही हा कोड वाचता येणार नाही. कोणी सामाईक रचनेत सुधारणा केली तर इतर सर्व ड्रायव्हर एका दमात बदलता येतील, एएमडीचा नाही. तो कंपनीचे इंजिनीअर आहेत तोवरच जिवंत राहील. बाहेरून पाहणाऱ्यांना हा हेकेखोरपणा वाटला आणि त्याची किंमतही मोजावी लागली. ऑगस्ट २०१७ मध्ये एएमडीची वेगा कार्डे बाजारात आली. तेव्हाच्या मूळ कर्नलवर ती गणिते करू शकत होती, पण त्यांना लावलेल्या मॉनिटरवर चित्र येत नव्हते, कारण डिस्प्लेचा तो कोड अजून आत नव्हता. पैसे मोजून कार्ड घेतलेल्याला 'अमूर्त थर' वगैरेशी देणेघेणे नव्हते.

एएमडीने वर्षभर कोड सोलून काढला, कर्नलच्या रचनांशी जुळवला आणि जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या ४.१५ या आवृत्तीत तो दाखल झाला. आज लिनक्सवर एएमडीची कार्डे फार कटकटीविना चालतात ती याच कोडवर. नकार योग्य होता असे आता म्हणणे सोपे आहे. वर्षभर काळ्या पडद्याकडे पाहणाऱ्याला ते पटले नसते.

हे सगळे यंत्रावर का सोपवत नाहीत?

गो आणि रस्ट या भाषांनी तेच केले. मांडणीचे एक साधन, त्याने दिले ते रूप अंतिम, वाद नाही. कर्नलमध्येही २०१८ पासून सी कोडसाठी असे साधन वापरण्याची सोय आहे, सक्ती नाही. मेंटेनरांचे म्हणणे, रजिस्टरांच्या लांब तक्त्यातले आकडे एकाखाली एक लावलेले असतात ते माणसाच्या डोळ्यासाठी. यंत्र ते विस्कटते.

रस्ट कर्नलमध्ये डिसेंबर २०२२ मध्ये आली ती स्वतःचे मांडणी-साधन घेऊनच. वाद संपतील अशी अपेक्षा होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये ग्राफिक्स विभागाचे बदल घेताना टोरवाल्ड्स याच साधनावर उखडले. आयात केलेल्या नावांची यादी ते कधी एका ओळीत कोंबते, कधी अनेक ओळींत पसरते. दोघांनी एकाच यादीत एकेक नाव वाढवले की दोन्ही बदल एकत्र करताना विनाकारण टक्कर होते. एका ओळीला एक नाव ठेवले तर ती टळते. पण साधन ऐकत नव्हते. शेवटी मार्ग निघाला तो गमतीचा. यादीच्या शेवटी एक रिकामी टिप्पणी लिहायची, म्हणजे साधन ओळी एकत्र करत नाही. वाद मिटवायला आणलेल्या यंत्राला चकवण्याचा आता एक नियम झाला आहे.

'चेकपॅच'चीही एक दुखरी बाजू आहे. नवख्यांना पहिला पॅच पाठवायला ते सोपे साधन. स्क्रिप्ट चालवा, इशारा शोधा, मोकळी जागा दुरुस्त करा, पाठवा. त्यासाठी 'स्टेजिंग' नावाचे अंगणही २००८ पासून आहे, जिथे कच्चे ड्रायव्हर ठेवले जातात. तिथे हे बदल स्वागतार्ह. नेटवर्किंगने मात्र लेखी सांगून टाकले आहे की दुसऱ्या कामाच्या ओघात नसलेले असे सफाईचे पॅच पाठवू नका. चलांचा क्रम बदलणारे नकोत, जुन्या ड्रायव्हरला 'डेव्ह-एम'मध्ये बदलणारेही नकोत. शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या चालतील. कारण प्रत्येक सफाई तपासायला माणूस लागतो, सफाईत बग घुसू शकतो आणि जुन्या आवृत्त्यांत सुरक्षेची दुरुस्ती नेताना ओळी जुळत नाहीत.

स्टेजिंगमधल्या सफाईचे भवितव्यही सांगता येत नाही. रिअलटेकच्या एका स्वस्त यूएसबी वाय-फाय चिपचा ड्रायव्हर २०१३ पासून तिथे होता. अनेक स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे त्याची मांडणी, नावे, मेलेला कोड साफ केला. मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली, पुन्हा सफाई झाली. २०२३ मध्ये तो ड्रायव्हर काढून टाकण्यात आला. कर्नलच्या सामाईक वायरलेस रचनेवर मुळापासून लिहिलेला दुसरा ड्रायव्हर तीच चिप चालवू लागला होता. कंस नीट केले म्हणून मूळ रचना नीट झाली नव्हती. त्या स्वयंसेवकांपैकी काही जण पुढे खरे कर्नल प्रोग्रामर झाले, ही त्यातली जमेची बाजू.

भारतातल्या इंजिनीअरांना याचे काय?

पुण्यात रेड हॅट, एन्व्हिडिया, मार्व्हेल अशा कंपन्यांची केंद्रे आहेत, जिथे कर्नल आणि ड्रायव्हरशी संबंधित काम चालते. बेंगळूरु, हैदराबादेत त्याहून जास्त. महाविद्यालयात यातले काही शिकवले जात नाही. तिथल्या प्रॅक्टिकलमध्ये आउटपुट बरोबर आले की गुण मिळतात, कोड दुसऱ्या कोणी वाचायचाच नसतो. त्यामुळे पहिल्या पॅचला 'हे तीन पॅचमध्ये तोडा', 'नाव बदला', 'का बदलले ते आधी लिहा' अशी उत्तरे आली की ती अपमानासारखी लागतात. दुसरी आवृत्ती, तिसरी, कधी दहावी. काही जण तिसऱ्याच फेरीत नाद सोडतात. भाषेचा जाच पूर्वी अधिक होता. सप्टेंबर २०१८ मध्ये टोरवाल्ड्स यांनी आपल्या वागण्याबद्दल माफी मागून काही काळ विश्रांती घेतली आणि प्रकल्पाने आचारसंहिता स्वीकारली. 'कचरा' हा शब्द त्यानंतरही गेलेला नाही, हे ऑगस्टमध्ये दिसलेच. तो शब्द वापरल्याने आक्षेप अधिक नेमका झाला असे काही नाही. चर्चा मात्र मदतनिसापेक्षा त्या शब्दाचीच जास्त झाली.

रिस्क-फाइव्हशी भारताचा संबंध थेट आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२२ मध्ये या खुल्या रचनेवर आधारित देशी प्रोसेसरांसाठी कार्यक्रम जाहीर केला. आयआयटी मद्रासचा 'शक्ती' आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचा 'वेगा' हे त्यातले दोन प्रोसेसर. एएमडीच्या वेगाशी त्याचा केवळ नामसाधर्म्याचा संबंध. प्रोसेसर बनवला की त्याच्या घड्याळाचा, वीजनियंत्रणाचा, संदेशवहनाचा ड्रायव्हर लागतो. तो कर्नलच्या बाहेर ठेवता येतो, स्वस्त मोबाइलच्या चिपबाबत वर्षानुवर्षे तेच होत आले. मग नवा कर्नल आला की तो तुटतो आणि फोनला सुरक्षा अपडेट मिळणे बंद होते. आत न्यायचा, तर याच तपासणीतून जावे लागते.

ऑगस्टमध्ये परत आलेले रिस्क-फाइव्हचे काम वाया गेले नाही. पुढच्या वेळी लवकर आणि त्या कचऱ्याशिवाय पाठवा, असे टोरवाल्ड्स यांनी तेव्हाच सांगितले होते. नोव्हेंबर २०२५ अखेर आलेल्या ६.१८ मध्ये रिस्क-फाइव्हचे बदल दाखल झाले.